प्रेशरसाहेब आणि नाचरा काटा

“प्रेशर म्हणजे प्रेशर! पाण्याचं काय आणि हवेचं काय! पाइपातून जातं आणि काट्यावर दिसतं. त्यात मेकॅनिक कशाला हवा?”

असं प्रेशरसाहेबांनी शेजारच्या वकिलांना ठणकावून सांगितलं आणि बाह्या सरसावल्या. या माणसानं बाह्या सरसावल्या की आजूबाजूच्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. पण तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं.

प्रेशरसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची सगळी नोकरी शहराच्या पंपघरात झाली. पाइपावर नुसता तळहात ठेवून आत पाण्याचा दाब किती आहे ते सांगायचे, म्हणून हे नाव पडलं. एकदा मीटरचा आकडा आणि साहेबांचा आकडा जुळेना, तेव्हा खात्यानं मीटर बदललं होतं! ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. नवं मीटरही जुन्यासारखाच आकडा दाखवत होतं, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

आता या पंपघरातल्या माणसाकडे टर्बो इंजिनाची लाल, बुटकी, वाऱ्यासारखी पळणारी गाडी कुठून आली, असं तुम्ही विचाराल. गाडी बायकोची. बाई शाळेत भूमिती शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर बाकीच्या शिक्षिका सहलीला गेल्या, बाईंनी गाडी घेतली. उंचीला लहान, पण स्टिअरिंग हातात आलं की समोरचा ट्रकवाला आपणहून बाजूला व्हायचा. प्रेशरसाहेब शेजारच्या सीटवर, दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून.

“अगं हळू!”

“हळूच चाललेय.”

“झाडं दिसत नाहीत मला!”

“मग डोळे उघडा की!”

मागच्या वर्षी बाई गेल्या. थोड्याशा आजारानं, फार कुणाला त्रास न देता. मुलीनं येऊन कपाटं आवरली, साड्या वाटल्या, चष्मा कुणा गरजूला दिला. गाडी मात्र साहेबांनी देऊ दिली नाही. बरेच महिने ती कापडाखाली उभी होती. मग एका संध्याकाळी त्यांनी कापड काढलं, आत बसले आणि चालवायला लागले. घरात दिवसभर घड्याळाचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा ते बरं होतं. गाडीत बसलं की बाजूला कुणी तरी ‘मग डोळे उघडा की’ म्हणेल असं वाटायचं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाई बुटक्या, आणि साहेब म्हणजे विजेचा खांब. बाईंची सीट अगदी पुढे, स्टिअरिंगला चिकटून, उशी चढवल्यासारखी उंच. साहेबांनी ती तसूभर हलवली नाही. आधी उजवा पाय आत, मग डोकं, मग श्वास सोडून पोट, आणि शेवटी उरलेलं सगळं. आत बसले की दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंनी वर आलेले असायचे, नाकतोड्यासारखे. एकदा गाडी धुणाऱ्यानं आतून पुसायला सीट जरा मागे घ्यायला हात घातला, तर साहेब गॅलरीतून असे ओरडले की खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं औषधाची बाटली सोडून दिली.

“सीटला हात लावायचा नाही!”

त्या दिवसापासून सगळ्या इमारतीला कळलं. साहेबांच्या गाडीच्या सीटबद्दल कुणी बोलायचं नाही. आणि कुणी बोललं नाही. तिथेच सगळं रामायण झालं!

झालं असं, की गाडी गचके द्यायला लागली. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनाच्या धुरावर फिरणारा एक पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो. त्या दाबाला बूस्ट म्हणतात, आणि तो दाखवायला समोर एक छोटा काटा असतो. चांगल्या गाडीत पाय दाबला की काटा वर चढतो आणि ऐटीत उभा राहतो. साहेबांच्या गाडीत काटा वर जायचा, खाली पडायचा, पुन्हा वर, पुन्हा खाली. विंचू चावल्यासारखा! आणि काट्याबरोबर गाडी. पुढे झेप, मग धपकन थांबल्यासारखी, मग पुन्हा झेप.

मुलगी भेटायला आली होती, तिला स्टेशनवर सोडायला साहेब निघाले. स्टेशनवर पोचेपर्यंत मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. उतरून ती गाडीला धरून उभी राहिली.

“बाबा, ही गाडी विकायची.”

“का? जरा बूस्ट हलतोय, एवढंच.”

“एवढंच? माझी आतडी मागच्या सीटवर राहिलीत!”

“दुरुस्त करतो.”

“बाबा, आई गेली. तुम्हीही असं कुठे तरी जाऊन आपटलात, तर मी काय करू?” तिचा आवाज जरा फाटला. मग तिनं तो सरळ केला. ती आईचीच मुलगी. “रविवारी मावशीला घेऊन येते. मला बसवून चक्कर मारायची. एक जरी गचका बसला, तर गाडी विकायची. आणि तुम्ही नाही म्हणायचं नाही. कबूल?”

साहेबांच्या तोंडातून निघालं, “कबूल! तोवर काटा असा उभा करतो की तू त्यावर कपडे वाळत घालशील!”

म्हणजे आता तुमच्या लक्षात आलं असेल. रविवारच्या आत काटा स्थिर झाला नाही, तर बायकोची गाडी जाणार होती.

मदतीला शेजारचे वकील आले. वकिलांनी मोबाइलवर गाडी दुरुस्तीचे इतके व्हिडिओ पाहिले होते की इंजिनातलं त्यांना सगळं माहीत होतं. फक्त बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नव्हतं.

“हवा कुठून तरी लीक होतेय,” वकील म्हणाले. “सगळे असंच सांगतात. साबणाचं पाणी लावायचं आणि आत हवा भरायची. बुडबुडा आला तिथे भोक.”

“ही तर आमची पंपघरातली रीत!” साहेब खूश झाले. “लागा कामाला!”

जिथून इंजिन हवा ओढतं त्या पाइपाचं तोंड साहेबांनी बंद केलं. त्यासाठी माळ्यावरून पंपघरातलं एक जुनं पितळी झाकण काढलं, डब्याच्या झाकणाएवढं, जड. त्यातल्या नळीला टायरमध्ये हवा भरायचा पंप जोडला. वकील कोर्टात निघाले होते, काळा कोट घालून. “दोन मिनिटांचं काम,” म्हणत ते दाढीचा ब्रश घेऊन खाली वाकले आणि पाइपांना फेस फासायला लागले. मनापासून. इंजिन की वाढदिवसाचा केक, कळेना.

पंप घरघरायला लागला.

“व्हिडिओत दाबाचा आकडा एका बारवर आला की थांबतात,” वकील म्हणाले.

“एक बार?” साहेब हसले. “एवढ्या दाबावर आमच्याकडे गळकी तोटीसुद्धा शिंकत नाही!”

त्यांनी पंपावरच्या आकड्याकडे बघितलं नाही. रबरी पाइपावर तळहात ठेवला, डोळे मिटले.

“अजून जागा आहे.”

“साहेब, पाइप फुगल्यासारखा दिसतोय.”

“वकीलसाहेब, कायदा तुमचा, पाइप माझा.”

इथेच चूक झाली. चूक अशी, जी फक्त पाणीखात्यातलाच माणूस करू शकतो! पाणी दाबलं जात नाही. जरा पाइप सुटला की थोडं पाणी उडतं आणि दाब जागच्या जागी संपतो. हवा दाबली जाते. ती आत राग धरून बसते.

फटाक्!

झाकण सुटलं ते थेट वर गेलं, पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीत शिरलं, चादर घेऊन फाटकाबाहेर पडलं आणि रस्त्यावरून निघालेल्या एका मांजरासमोर आपटलं. ते मांजर पुन्हा त्या रस्त्यानं आलेलं नाही. दुसऱ्या बाजूनं रबरी पाइप निसटला आणि सगळा फेस एकाच दिशेनं गेला. त्या दिशेला वकील होते.

इमारतीची सगळी दारं एकदम उघडली. “स्फोट! स्फोट!” पहारेकऱ्यानं आधी फोन केला, मग काय झालंय ते बघायला आला. तोवर अग्निशमन दलाचा बंब घंटा वाजवत दारात हजर. हेल्मेट घातलेले जवान पाइप काखोटीला मारून धावत आत आले आणि थबकले. समोर पांढराशुभ्र फेस आणि फेसात कोट.

“आग कुठे आहे?”

“आग नाही,” फेसातून आवाज आला.

“वा! फेस मारून विझवलीतसुद्धा!” जवानांच्या प्रमुखानं वकिलांची पाठ थोपटली. हात कोपरापर्यंत फेसात गेला. “असे नागरिक हवेत! नाव सांगा, शाबासकीचं पत्र पाठवतो.”

वकिलांनी तोंड उघडलं, त्यातून एक बुडबुडा बाहेर आला. त्या दिवशी ते कोर्टात गेले तेव्हा खुर्चीवरून घसरत होते, असं ऐकिवात आहे.

भोक मात्र सापडलं नाही. निसटलेला पाइप साहेबांनी नव्या क्लिपनं घट्ट बसवला आणि चक्कर मारून आले. काटा तसाच नाचत होता. उलट आता जरा जास्तच. साहेबांचा पायच थरथरत होता म्हणा!

शेवटी त्यांनी अभिमान गिळला आणि मेकॅनिककडे गेले.

मेकॅनिक देहानं कपाटाएवढा आणि आवाजानं शिट्टीएवढा. अशा वेगवान गाड्या हाच त्याचा धंदा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटला प्रेमानं हात लावला आणि बारीक आवाजात म्हणाला, “आधी मी स्वतः चालवून बघतो. सीट मागे घेऊ?”

“नाही!”

“मग मी बसू कसा?”

“मी बसतो तसे.”

मेकॅनिकनं एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा सीटकडे. गिऱ्हाईक देव असतं म्हणतात, आणि देवाशी कोण वाद घालणार! त्यानं पाय आत घातला, खांदा घातला, पोट घातलं. पोट हॉर्नवर बसलं.

पॉऽऽऽऽ!

“बाहेर या!” साहेब ओरडले.

“येता येत नाही!” मेकॅनिक किंचाळला. हॉर्नपुढे ते कुणाला ऐकूच गेलं नाही. गॅरेजमधली माणसं धावली. एकानं हात ओढला, दुसऱ्यानं पाय. सगळा रस्ता गोळा झाला. वाहतूक पोलीस आला आणि हॉर्न वाजवल्याबद्दल ओरडायला लागला. शेवटी मेकॅनिक बाटलीचं बूच निघावं तसा बाहेर आला आणि जमिनीवर बसून राहिला.

“तुम्हीच चालवा,” तो दम खात म्हणाला. “मी शेजारी बसतो.”

त्यानं गाडीला एक यंत्र जोडलं. त्याच्या पडद्यावर रंगीत रेषा पळायला लागल्या. गाडी गचके देत निघाली. मेकॅनिकचं डोकं पुढे, मागे, पुढे, मागे. पण डोळे पडद्यावर.

“साहेब, टर्बो चांगला आहे. जादा दाब सोडणारी झडप चांगली आहे. इंजिन मागतं तेवढीच हवा टर्बो देतोय.”

“मग?”

“मागणीच वेडीवाकडी येतेय. घडीत खूप हवी, घडीत नको.”

“मागतंय कोण?”

“पेडल. पेडलखालचा सेन्सर बिघडलाय. बदलून टाकू.”

सेन्सर बदलला. काटा नाचला. वायर तपासल्या, एकूण एक. काटा नाचला. मेकॅनिकनं पेडल काढलं, धुतलं, पुन्हा बसवलं. काटा नाचलाच. त्यानं खाली वाकून पायाशी बघितलं नाही का, असं तुम्ही म्हणाल. बघितलं की! तिथे नुसते गुडघे दिसत होते. त्या गुडघ्यांमागे पावलं कुठे होती, हे खुद्द साहेबांनाही नक्की सांगता आलं नसतं.

“साहेब,” मेकॅनिक हात पुसत म्हणाला, “माझी अक्कल इथे संपली. इतक्या गाड्या केल्या, असं भूत बघितलं नाही.”

“भूत म्हणू नका,” साहेब एवढंच म्हणाले. मेकॅनिकला काही कळलं नाही.

रविवार उजाडला. मुलगी आली, आणि तिच्याबरोबर मावशी, म्हणजे साहेबांची मेहुणी. घरी शिवणकाम करणारी, बहिणीएवढीच बुटकी, आणि जिभेला बहिणीपेक्षा जास्त धार. मेकॅनिकही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याला झोप येत नव्हती. आपलं यंत्र छातीशी धरून तो पुढच्या सीटवर बसला. वकील गॅलरीतून बघत होते, दार आधीच अर्धवट लावून.

“चला भावोजी,” मेहुणी मागे बसत म्हणाली, “बघू तुमची करामत.”

गोदामांमागे एक लांब, रुंद, मोकळा रस्ता होता. साहेबांनी तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटून पाय दाबला. काटा वर गेला. साहेबांचे डोळे चमकले. काटा धपकन पडला. गाडी बसली. काटा उसळला, गाडी उसळली, मेकॅनिकचं कपाळ आरशाला लागलं, मेहुणीची पर्स पुढे आली, मुलीनं डोळे मिटून घेतले.

“बाबा, थांबवा.”

“एकदा अजून...”

“बाबा!”

साहेबांनी गाडी कडेला घेतली. इंजिन आपलं शहाण्यासारखं चालू होतं, जसं काही घडलंच नाही.

“ठरलं होतं,” मुलगी हळूच म्हणाली.

“हो. ठरलं होतं.”

साहेब बाहेर यायला लागले. आधी डोकं, मग एक पाय, मग पोट. ते बाहेर येईपर्यंत सगळे वाट बघत राहिले. बाहेर येऊन ते लांब जाऊन, गाडीकडे पाठ करून उभे राहिले. मुलीला वाटलं जावं जवळ. पण गेली नाही. गेली असती तर तिनंच ठरलेलं मोडलं असतं.

मेहुणी खाली उतरली.

“विकायचीच असेल तर एक चक्कर मला मारू द्या,” ती म्हणाली. “ताईनं जिवंतपणी स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही. म्हणायची, तू शिलाई मशीनच चालव. आता कोण अडवतंय बघू!”

“सीट...” साहेब वळून म्हणाले.

“नाही लावत हात तुमच्या सीटला!”

ती बसली. काही हलवायची गरजच पडली नाही. किल्ली कुलपात बसावी तशी ती त्या सीटवर बसली. मुलीनं बघितलं आणि पटकन दुसरीकडे तोंड फिरवलं. पाठमोरी अगदी आईच.

गाडी निघाली. मेहुणीनं पाय दाबला. काटा वर चढला आणि उभा राहिला. नुसता उभा! इंजिन एकसुरात गायला लागलं. गोदामं मागे पळाली, गाडी रस्त्याच्या टोकाला गेली, वळली, परत आली. काटा जागचा हलला नाही. रस्त्याच्या कडेला उभे साहेब तोंड उघडं टाकून बघत होते.

“काय केलंस?” गाडी थांबताच ते धावत आले.

“काय करायचं? पेडल दाबलं.”

“गचका?”

“कसला गचका? लोण्यासारखी चालतेय!”

शेजारच्या सीटवर मेकॅनिक अजून पडद्यावरच्या रेषेकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली, साहेबांच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग सीटकडे, मग पुन्हा गुडघ्यांकडे. त्याच्या शिट्टीसारख्या आवाजातून एकच शब्द निघाला.

“पाय!”

“कुणाचा पाय?”

“तुमचा! साहेब, तुमचा गुडघा स्टिअरिंगला अडकतो. रस्त्यात जरा खड्डा आला की पाऊल आपोआप उसळतं. पाऊल उसळलं की पेडल, पेडल उसळलं की बूस्ट! मी इंजिन उघडून बसलो, आणि बिघडलेला भाग दर खेपेला गाडीतून उतरून घरी जात होता!”

मुलगी हसायला लागली. आधी हातानं तोंड दाबून, मग मोठ्यानं, मग बॉनेटवर हात टेकून. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती हसतेय की रडतेय ते कळेना. तिलाही कळत नसावं.

“म्हणजे गाडी चांगली आहे?” साहेबांनी विचारलं.

“झकास आहे!”

“विकायची नाही?”

“सीट मागे घेतलीत तर नाही,” मुलगी डोळे पुसत म्हणाली.

साहेबांच्या चेहऱ्यावर आलेलं हसू तिथेच गोठलं. त्यांनी सीटकडे बघितलं. मग मुलीकडे.

“मग विक,” ते म्हणाले.

“बाबा!”

“एकदा हलवली की गेली. तिची जागा पुन्हा तशी मला लावता येणार नाही. मी पाइपाचा माणूस आहे, तळहातानं दाब कळतो. हे नाही कळत.”

मेकॅनिक पडद्यावरची धूळ पुसायला लागला. धूळ नव्हतीच.

“भावोजी,” मेहुणी दाराजवळ वाकून म्हणाली, “ही बटणं कशाची आहेत, माहीत आहे?”

दाराच्या आतल्या बाजूला छोटी बटणं होती. एका बटणावर एकचा आकडा, दुसऱ्यावर दोनचा.

“काचांची असतील.”

“काचांची! ही सीटची आहेत. ज्याची त्याची जागा गाडी लक्षात ठेवते. गाडी आणली त्या दिवशी मी मागे बसले होते. ताईनं तुम्हाला इथे बसवलं आणि कितीतरी वेळ सीट पुढेमागे करत होती. तुम्ही कपाळाला आठ्या घालून म्हणत होतात, पुरे गं, मला कुठे चालवायचीय! एक नंबरवर ती आहे. दोनवर तुम्ही.”

साहेब वाकून बटणांजवळ नाक नेऊन बघायला लागले.

“आधी एक दाब,” ते म्हणाले.

मेहुणीनं एक दाबलं. सीट जागची हलली नाही.

“बघा. म्हणजे ही एक नंबरच. कुठे जात नाही. दाबू दोन?”

त्यांनी मान डोलावली.

घूंऽऽ. सीट हळूहळू मागे गेली, खाली गेली, पाठ जराशी कलली आणि थांबली. साहेब आत बसले. एका दमात, पोट न आवळता. गुडघे खाली गेले. पावलं जमिनीला लागली. स्टिअरिंग नेमकं हात पोचेल तिथे. पाठीला कुठे टोचत नव्हतं, मानेला कुठे ताण नव्हता. इतकं बेतून मेहुणीनंही कधी कुणाचं कापड कापलं नसेल.

“मला विचारलंसुद्धा नाही तिनं,” स्टिअरिंगवरून हात फिरवत ते म्हणाले.

“विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता,” मेहुणी म्हणाली.

साहेब खाली उतरले. त्यांनी स्वतः एक दाबलं. सीट पुढे आली, वर चढली, बाईंच्या जागेवर जाऊन बसली. तशीच्या तशी! मग दोन दाबलं. मग एक. मग दोन. मग पुन्हा एक. सीट जाऊन येऊन बेजार झाली.

“साहेब,” मेकॅनिक काकुळतीला आला, “बॅटरी उतरेल!”

शेवटी दोन नंबर दाबून साहेब बसले. सगळे बसले. परीक्षा राहिली होती ना! मुलगी मागून पुढे वाकून काट्यावर डोळे लावून बसली. गाडी निघाली. गोदामांचा रस्ता संपला, चौक आला, बाजार आला, शाळा मागे पडली. एक गचका नाही. एक हिसका नाही.

“पास!” मुलीनं वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. “गाडी ठेवा बाबा. तुम्हीही राहा.”

“सांगितलं होतं ना,” साहेब म्हणाले, “प्रेशर म्हणजे प्रेशर!”

मेकॅनिक मात्र अस्वस्थ होता. त्याच्या पडद्यावर रेष सरळ होती हे खरं. पण ती अगदी तळाला सरळ होती. आता पाय साहेबांच्या ताब्यात आला होता, आणि ताब्यातल्या पायानं साहेब जन्मभर स्कूटर जशी चालवत आले तशीच गाडी चालवत होते, गोगलगायीसारखी. एवढ्या वेगात टर्बोला जागही येत नाही!

“साहेब, जरा पाय द्या ना. एवढं सगळं केलं, एकदा बूस्ट तरी बघू द्या.”

“काटा हलतोय?”

“नाही, पण...”

“शून्यावर आहे ना? ठाम?”

“ठाम आहे.”

“मग अजून किती स्थिर हवाय तुम्हाला?”

मागून घंटी वाजली. साहेबांनी आरशात बघितलं, गाडी आणखी कडेला घेतली आणि खिडकीतून हात बाहेर काढून सायकलवरच्या आजोबांना अदबीनं पुढे जायला वाट दिली.